ओळख पटली की घंटी वाजवा

पीएच.डी. झाल्यावर माणसाने गप्प बसावं, असा आमच्या परभणीत एक अलिखित नियम आहे. कॉलेजने शाल-नारळ दिलं, गल्लीत पेढे वाटून झाले, की नावामागे 'डॉ.' लावायचं आणि उरलेलं आयुष्य पेपर तपासण्यात आणि पापड वाळवण्यात घालवायचं. बायकांसाठी तर हा नियम जास्तच कडक आहे. मी तो मोडायचं ठरवलं आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

"डॉक्टर झालात की वहिनी. आता त्याच्यापुढं काय राहिलं?" शेजारच्या कमलबाईंनी कुंपणावरून विचारलं. कमलबाईंचं आणि माझं बहुतेक बोलणं कुंपणावरूनच होतं. कारण आत आलं की चहा करावा लागतो.

"त्याच्यापुढं पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप असते," मी म्हटलं.

"अगं बाई! मग ते कितवीपर्यंत असतंय?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता आलेलं नाही.

गोष्ट शहाऐंशी सालची. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते. बेंगलोरच्या एका संस्थेत दृष्टी आणि मेंदू यांचा अभ्यास करणारी नवी प्रयोगशाळा निघाली होती. डोळ्याला दिसतं आणि मेंदूला कळतं, या दोहोंच्या मधे नेमकं काय घडतं, हे शोधायला दोन वर्षांची फेलोशिप देणार होते. माझा जीव त्या 'मधे'वरच जडलेला होता. याआधी माझा अर्ज तिथून परत आलेला होता. 'उमेदवाराचं वाचन चांगलं आहे, पण स्वतःचा प्रयोग नाही,' असा शेरा होता. मी पुन्हा अर्ज केला आणि या खेपेला मुलाखतीचं बोलावणं आलं, अट एवढीच की येताना स्वतः केलेला एखादा छोटा प्रयोग घेऊन यायचं. वयाची मर्यादा पस्तीस होती आणि येत्या वैशाखात मी ती ओलांडणार होते. म्हणजे झालं तर आता, नाहीतर पापड.

आमचे हे पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. त्यांचं नाव योग्य जागी येईलच. ते म्हणाले, "जा की. दोन वर्षांचं काय एवढं?" आणि पेपरात डोकं घातलं. मला जरा लागलं. माणसाने नाही म्हणू नये हे खरं, पण इतक्या पटकन हो म्हणणंही बरं दिसत नाही.

पहिली अडचण कॉलेजात आली. पीएच.डी.साठी रजा द्यायचा नियम होता, पीएच.डी.नंतरच्या शिक्षणाला रजेचा नियमच नव्हता. प्राचार्य म्हणाले, "म्याडम, तुमी अगोदर पीएच.डी. करायची होती." मी म्हटलं, ती झालेली आहे, शाल तुम्हीच घातली होती. ते म्हणाले, "तेच तर परेशानी आहे." दरखास्त संस्थेच्या सेक्रेटरींकडे गेली. सेक्रेटरींनी तिच्यावर लाल शाईने लिहिलं, 'यजमानांचे ना-हरकत जोडावे.' मी रागारागाने घरी आले. ह्यांनी शांतपणे कोरा कागद घेतला आणि खात्याच्या भाषेत लिहिलं की, 'विषयांकित महिलेस दोन वर्षांकरिता बाहेरगावी सोडण्यास निम्नस्वाक्षरीकाराची हरकत नाही. सदरहू आवर्तन संपताच त्यांनी मूळ ठिकाणी परत यावे.' कालव्याच्या पाण्यासाठी वापरायचा मसुदा माझ्यासाठी वापरला होता. सेक्रेटरींना तो इतका आवडला की रजा मंजूर झाली, अर्थात बिनपगारी.

आता प्रयोग. विषय मी ठरवला होता ओळखीच्या चेहऱ्यांचा. माणूस ओळखायला मेंदूला किती थोडं दिसलं तरी पुरतं? त्यासाठी एक पेटी हवी होती. समोर डोळ्यांसाठी दोन भोकं, मागे फोटो लावायची खाच, आत टॉर्चचा दिवा, आणि फोटोच्या पुढे पाच बटरपेपर. पाचही कागद असताना चेहरा धुक्यातल्यासारखा दिसणार. मग एकेक कागद वर काढत जायचं. बघणाऱ्याने डोक्यावर काळं फडकं घेऊन आत बघायचं आणि ओळख पटली की माणसाचं नाव सांगायचं. किती कागद काढल्यावर सांगितलं ते मी लिहून घेणार. इतकं सोपं, सुटसुटीत. शास्त्र असंच असतं, म्हणजे घरातून बाहेर पडेपर्यंत असतं.

पेटी करायला दिली नागनाथ मिस्त्रीकडे. नागनाथचा हात देव्हाऱ्यांवर बसलेला. मी चित्र काढून दिलं, मापं दिली, आणि आठ दिवसांनी बघते तर पेटीला वर छोटंसं शिखर!

"हे काय?" मी म्हटलं.

"नुस्तं खोकं केलं आस्तं तर माज्या हाताला बट्टा लागला आस्ता, बाई. शिखर फुकट हाय."

फुकट मिळालेली वस्तू परत करणं आमच्या मध्यमवर्गाला जमत नाही. मी ती तशीच घेतली आणि आतबाहेर काळा रंग मारला. काळ्या रंगाचा, शिखर असलेला देव्हारा. तो घेऊन मी एसटी स्टँडवर गेले, आणि वार होता शनिवार. विचार करायला हवा होता, पण मी तेव्हा शास्त्रज्ञ होते.

प्रयोगासाठी मी पेडगाव निवडलं होतं. आधीच्या आठवड्यात तिथे जाऊन कॉलेजच्या कॅमेऱ्याने लोकांचे फोटो काढून आणले होते. पुरुष, बायका, शाळेचे गुरुजी, आणि तुलनेसाठी एक बैल. पेडगावच्या गाडीत बसले आणि पेटी मांडीवर घेतली. शेजारच्या बाईने पेटीकडे बघून हात जोडले. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने टोपी काढली. कंडक्टर आला तेव्हा मी स्वतः होऊन म्हटलं, "याचं लगेज फाडा."

"शनिदेवाचं लगेज? आज शनवार हाय बाई, मला कशाला पापात पाडता?"

"अहो, हा देव नाही. उपकरण आहे. आत काही नाही."

"आसं म्हणू न्हाई," शेजारची बाई दचकून म्हणाली, आणि माझ्या वतीने क्षमा मागण्यासाठी तिने पिशवीतली तेलाची बाटली काढली. ती मारुतीला तेल घालायला निघाली होती. मी नको नको म्हणेपर्यंत तिने शिखरावर धार धरली. मग मागच्या बाकावरची एक बाटली पुढे आली. पेडगाव येईपर्यंत माझ्या उपकरणाला तेल, शेंदूर आणि एक रुईच्या पानांची माळ चढली होती. मी गाडीतून उतरले तेव्हा दोन माणसं पाया पडली. माझ्या नव्हे, पेटीच्या.

गावचे दिनकरराव पाटील शाळेच्या ओट्यावर वाट बघत बसले होते. माझ्या प्रयोगाला त्यांनी एका पायावर परवानगी दिली होती, आणि ती का दिली ते मला आता कळलं.

"म्याडम, सायेबाला तेवढं म्हणा, आमच्या वावरात कालव्याचं पाणी पोचंना. तेवढं झालं की तुमी गावाचे डोळे तपासा, कान तपासा, काय तपासायचं ते तपासा."

मी म्हटलं, आमचे हे लिपिक आहेत, पाणी त्यांच्या हातात नाही. ते हसून म्हणाले, "लिपिकाच्याच हातात आस्तंय म्याडम, बाकी समदे नुस्ते सह्या करतेत."

वर्गात पेटी मांडली. माणसं रांगेने बसली. पहिल्या आल्या सरजाबाई, सटवाजी नावाच्या शेतकऱ्याची म्हातारी आई. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात भरवसा नाही. त्यांनी फडकं डोक्यावर घेतलं आणि मी अजून एकही कागद काढला नव्हता तोच आतून आवाज आला, "ह्यो दिनकऱ्या पाटील." मी चमकले. दुसरा फोटो. "ह्ये गुर्जी." तिसरा. "ह्यो पांड्याचा बैल, उजवं शिंग मोडल्याला." पाठोपाठ जो येईल तो पाचही कागदांच्या आडून घडाघडा ओळखायला लागला. साऱ्या जगाच्या पुस्तकांत लिहिलेलं खोटं पाडणारी दृष्टी पेडगावात सापडली होती! मनातल्या मनात मी बेंगलोरला पोचले, तिथून विमानात बसले. विमानात असतानाच कागद चाचपायला पेटीत हात घातला आणि बोटं तेलकट लागली.

तेल शिखराच्या फटीतून आत उतरून पाचही बटरपेपरांना लागलं होतं. तेल लागलेल्या कागदातून किती स्वच्छ दिसतं, हे भज्यांचा पुडा बांधलेला कागद बघणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. मला मानसशास्त्रातली डॉक्टरेट असल्यामुळे ते सुचलं नव्हतं. त्या दिवसाची सगळी निरीक्षणं फाडून टाकली.

नवे कागद आणायला परभणीच्या बाजारात गेले तर दुकानं बंद. नामांतरासाठी मोर्चा निघाला होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून माणसं किती वर्षं रस्त्यावर येत होती, तुरुंगात जात होती. मी बंद दुकानाच्या फळीवर बसून मोर्चा बघितला. एका नावात केवढं काय असतं, असा विचारही माझ्या मनात आला. आणि तो विचार करून मी घरी गेले. पुढच्या खेपेला त्याचा काडीचाही उपयोग केला नाही.

पुढची खेप मुद्दाम बुधवारी ठेवली आणि पेटी चादरीत गुंडाळून नेली. आता बायकांची पाळी होती. सटवाजीची बायको तानुबाई पुढे आली. गुरुजींचा फोटो लावला. दोन कागद काढले आणि तिने नाव सांगितलं. पाटलांचा लावला, पुन्हा दोन. हिशोब सुरेख चालला होता. मग मी तिच्या नवऱ्याचा, सटवाजीचा फोटो लावला. एक कागद काढला, दोन काढले, पाचही काढले. आत टॉर्चच्या लख्ख उजेडात सटवाजी, आणि बाहेर शांतता.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"दिसायलंय की."

"मग कोण आहे?"

फडक्याखाली बांगड्या वाजल्या. "हायेत एकजण."

"एकजण कोण?"

"आमच्यातलेच हायेत."

मी लिहिलं, 'ओळख पटली नाही.' पुढच्या कस्तुराबाई. नवऱ्याचा फोटो आला आणि त्यांचीही दातखीळ बसली. त्यापुढची तशीच. गावातल्या झाडून साऱ्या बायकांनी पाटील ओळखला, गुरुजी ओळखले, बैल ओळखला, आणि नवरा ओळखला नाही. हे तर तेलापेक्षा भारी होतं! मी तिथल्या तिथे सिद्धांत मांडला की जो चेहरा रोज दिसतो तो बघायचं मेंदू सोडूनच देतो. शाळेच्या गुरुजींना तो मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला. तिथे मी चुकले. गुरुजींनी तो पारावर सांगितला.

चहा पिऊन होईतो सटवाजी वर्गाच्या दारात उभा. मागे दहाबारा नवरे.

"बाई, पंधरा वर्सं ह्या बाईनं माज्या ताटात भाकर वाढली. आन् तुमचं शास्तर म्हणतंय हिला मी वळखू येत न्हाई?"

"तसं नाही," मी म्हटलं, "मेंदूला सवय झाली की—"

"बैल वळखती! दुसऱ्याचा बैल वळखती!"

तानुबाई पदराआड हसत होती. सगळ्याच हसत होत्या. मला काही कळेना. शेवटी सरजाबाई काठी टेकत माझ्यापुढे आल्या.

"बाई, तुमच्या मालकाचं नाव काय?"

मी तोंड उघडलं. आणि एवढ्या माणसांसमोर, डॉक्टरेट मिळवलेल्या, स्त्रियांच्या समानतेवर कॉलेजच्या वार्षिकात लेख लिहिलेल्या माझ्या तोंडून निघालं, "ते पाटबंधाऱ्यात असतात."

असा हशा झाला की शाळेच्या पत्र्यावरचे कावळे उडाले. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही, मीच घेत नव्हते. पण प्रयोगाला बसलं की आपण समोरची माणसं बघायची सोडतो आणि रकाने भरायला लागतो. रकान्यात मी ज्या बायकांची ओळख पुसली होती, त्यांनी मला मात्र पहिल्याच कागदात ओळखलं होतं.

"नाव घ्यायचंच आसंल तर आमच्या रीतीनं घेतो की," असं म्हणून तानुबाईने पुन्हा फडकं डोक्यावर घेतलं आणि आतून ऐकवलं:

"काळ्या खोक्यात दिवा लागला लख्ख,
सटवाजीरावांचं तोंड बघून मी झाले थक्क."

मग काय, रांगच लागली. कस्तुराबाईंचे मालक लिंबाजी दाराशीच मिशीवर हात फिरवत उभे होते.

"पेडगावची ज्वारी आन् पाथरीचा बाजार,
लिंबाजीरावांच्या फोटूत मिशा दिसतेत हजार."

उखाणे उत्तम होते, पण उखाणा जुळवायला लागलेला वेळ हा ओळख पटायला लागलेला वेळ नव्हे, आणि बेंगलोरला मी उखाणे नेऊ शकत नव्हते. मी हरणार नव्हते. ओळखणं वेगळं आणि नाव घेणं वेगळं, मग प्रयोगातून नावच काढून टाकलं म्हणजे झालं. परभणीला येऊन ह्यांच्या सायकलची घंटी सोडवली आणि पेटीला बसवली. ओळख पटली की घंटी वाजवायची. बोलायचं नाही.

"आणि मी ऑफिसला जाताना काय ओरडत जाऊ?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही एकदा बसा ना पेटीला. शहरातला माणूसही हवाय मला."

"फडक्यात डोकं घालायचं माझं वय नाही. आणि मला काय दाखवणार, तुझा फोटो? तुला रोज बघतो मी," असं म्हणून पुन्हा पेपर उघडला. कमलबाई कुंपणावरून म्हणाल्या, "भावजींचं बराबर हाय."

घंटी लावल्यावर प्रयोगाचा नूरच पालटला. बायकांनी नवऱ्याच्या फोटोला असा काही झपाटा लावला की कागद काढायची सोय राहिली नाही. पाचही कागदांच्या आड नुसता एक सावलीसारखा डाग, आणि घंटी खणखण. तानुबाईला विचारलं, एवढ्यात कसं ओळखलं? ती म्हणाली, "मान वाकडी धरतेत की, ते काय लपतंय व्हय?" सटवाजी दारात उभा राहून मान वाकडी करून ऐकत होता, आणि गावात मला पुन्हा चहा मिळायला लागला.

आता राहिले पुरुष. त्यांना मी सोपे समजत होते. गर्दी जमली होती. घरची वडील माणसं भिंतीला टेकून बसली होती. सटवाजीने फडकं घेतलं. गुरुजी, खणखण. बैल, खणखण. मग तानुबाईचा फोटो लावला. एक कागद काढला, दोन काढले, पाचही काढले. घंटी नाही.

"दिसतंय का?"

"दिसायलंय."

"मग घंटी?"

"वाजवतो की. गडबड काय हाय?"

थोड्या वेळाने ती वाजली, मलूलपणे. लिंबाजीचं तेच. दिनकरराव पाटलांचं तर फडक्याखाली झोप लागल्यासारखं झालं, मला पेटीवर टकटक करावं लागलं. सगळे पुरुष इतर सगळ्यांना भराभर ओळखत होते, फक्त स्वतःच्या बायकोपाशी येऊन अडकत होते. या खेपेला मी गुरुजींना काही सांगितलं नाही. गरजच नव्हती, बायका खिडकीतून मोजत होत्या.

"बैलाला लगी वळखतेत," तानुबाई मोठ्याने म्हणाली, "आन् बायकूला समदे कागद काढून, दिवा लावून बी न्हाई!"

त्या दिवशी पेडगावात किती चुली पेटल्या मला माहीत नाही. दिनकररावांनी मात्र मला गाडीपर्यंत पोचवलं. "म्याडम, तुमी शिकलेल्या, आमी काय बोलावं. पर आदी बाप्ये रुसले, आता बाया रुसल्या. पाणी ऱ्हाऊ द्या, गावाची अमन-शांती तेवढी ऱ्हाऊ द्या." प्रयोग बंद झाला.

मुलाखत तोंडावर आली. माझ्याकडे बायकांचे आकडे होते झळझळीत आणि पुरुषांचे असे, की त्यांचा अर्थ मलाच लागत नव्हता. ह्यांनी सुचवलं, पुरुषांचं लिहूच नको. कमलबाईंनी सुचवलं, पुरुषांना चष्मा लागला असेल. प्राचार्यांनी सुचवलं, जाऊच नका. मी तिघांचंही ऐकलं नाही. जे दिसलं तेच नेणार, मग अर्ज परत आला तरी चालेल. चालणार नव्हतं, पण मी तसं म्हणत होते. रात्री पापडाची स्वप्नं पडत होती.

अशात बाजारच्या दिवशी दारात सटवाजी उभा. हातात वांग्यांची पिशवी. बसा म्हटलं तर उंबऱ्यातच बसला. बराच वेळ कापसावर बोलला. मग म्हणाला,

"बाई, तुमचं काम झालं आसंल तर तो फोटू मला देता का?"

"तुमचा?"

"माजा काय करू? तिचा."

मी आत जाऊन फोटो आणला. त्याने तो धोतराला हात पुसून घेतला.

"सटवाजी, खरं सांगा. तुम्हाला ओळखू आलं नव्हतं?"

"आसं कसं व्हईल बाई! पैल्याच कागदाला वळखलं." तो फोटोकडेच बघत बोलत होता. "घरात माय आस्ती समोर. आगुदर बाप बी होता. मोठ्या मान्सापुढं बायकूकडं बगत न्हाई आमच्याकडं. वावरात गेलं तर ती खाली मान घालून खुरपायली, आन् घरी आलं तर तोंड चुलीकडं. तुमच्या खोक्यात डोस्क्यावर फडकं. कोण बगायलंय, काय बगायलंय, कुनाला कळंना. पंधरा वर्सांत एवडं निवांत कवा बगितलंच न्हवतं."

"मग घंटी का नाही वाजवलीत?"

"घंटी वाजवली की तुमी फोटू काढून घ्यायच्या की!"

तो गेल्यावर मी तिथेच उंबऱ्यात बसले. मला रडू आलं, सांगायला लाज वाटत नाही. वांगी फार कोवळी होती, त्यातली काही उगाच चिरत बसले.

बेंगलोरची मुलाखत थोडक्यात सांगते, कारण मला तिच्यातलं थोडकंच आठवतं. लांब टेबल, पलीकडे पाच विद्वान, मधे शिखर असलेली माझी काळी पेटी. शिखर कशासाठी, हा पहिला प्रश्न. तेलाची हकीकत मी लपवली नाही. पुरुषांचे आकडे बघून एका प्रोफेसरांनी चष्मा वर केला. "म्हणजे हे लोक आपल्या पत्नीला ओळखू शकले नाहीत?"

"ओळखलं होतं, सर. घंटी वाजवली की चेहरा जातो, म्हणून वाजवली नाही. आपण ओळख मोजतो असं समजतो, पण घंटी वाजवायची इच्छाही त्यातच मोजली जाते. ओळखणं, सांगणं आणि बघत राहणं हे मेंदूत तीन वेगळे रस्ते असावेत."

"हा तुमचा निष्कर्ष आहे की अंदाज?"

"अंदाज आहे. निष्कर्ष काढायलाच तर दोन वर्षं मागतेय."

मग ते प्रोफेसर उठले, पेटीपाशी आले आणि फडकं डोक्यावर घेऊन आत बघू लागले. महिनाभराने पत्र आलं. माझी निवड झाली होती.

गल्लीत पुन्हा पेढे वाटले. कमलबाईंनी विचारलं, "आता पास झालात, मग जायचं कशाला?" पेडगावहून सरजाबाईंनी शेंगदाण्याची पिशवी धाडली. ह्यांनी रेल्वेचं आरक्षण केलं, बिस्तरा बांधला, ट्रंकेवर माझं नाव रंगवलं आणि मला वाईट वाटेल असं एक अक्षरही बोलले नाहीत. दोन वर्षांचं काय एवढं, हे वाक्य मात्र दिवसातून बऱ्याचदा म्हणत होते. कोणी विचारलं नसलं तरी म्हणत होते.

निघायच्या दिवशी दुपारी टांगा सांगून ठेवला होता. सामान ओट्यावर आलं, पेटी तेवढी राहिली होती. ती चादरीत बांधायला मी बाहेरच्या खोलीत गेले, तर हे तिच्यापुढे स्टूल ओढून बसलेले.

"एवढी घाई नसेल तर माझाही नंबर घे," पेटीकडे बघत ते म्हणाले. "शहरातला माणूस हवा होता ना तुला?"

"आत्ता?"

"मग काय, बेंगलोरहून येशील का त्यासाठी?"

अर्जासाठी काढलेला माझा एक फोटो शिल्लक होता. तो मी खाचेत लावला, टॉर्च पेटवला. ह्यांनी काळं फडकं डोक्यावर घेतलं. एरवी ते फडकं बघून मला हसू आलं असतं. मी पहिला कागद काढला. घंटी नाही. दुसरा काढला, तिसरा काढला. बाहेर टांगा येऊन थांबल्याचा आवाज आला. मी चौथा आणि पाचवा कागद काढला आणि हातात धरून उभी राहिले. ह्यांचा हात घंटीवर होता. अंगठा तिच्या दांडीवर टेकलेला होता, आणि हलत नव्हता.

"वहिनी, टांगा आलाय हो! गाडी चुकंल," लाडवांचा डबा घेऊन कमलबाई दारात आल्या आणि आतलं दृश्य बघून तिथेच थबकल्या.

मला काय झालं कोण जाणे. बारा वर्षांच्या संसारात जे कधी केलं नव्हतं, पेडगावच्या शाळेत साऱ्या गावापुढे जमलं नव्हतं, ते मी कमलबाईंच्या देखत केलं.

"मार्तंड," मी म्हटलं, "ओळख पटली असेल तर घंटी वाजवा ना."

कमलबाईंच्या हातातला डबा खणकन खाली पडला. पण घंटी काही वाजली नाही.